एकटीच्या प्रवासातल्या दोघी

धाकटीला एकटीनं प्रवास करायची भारी हौस, पण परक्या गावात खोलीचं दार लावून एकटीनं झोपायची छाती होईना. म्हणून थोरल्या बहिणीनं शिवणाचं दुकान बंद ठेवलं, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली आणि सोबत निघाली.

रोज फिरून आल्यावर धाकटी पेनानं डायरी लिहायची. आम्ही रस्ता चुकलो, आम्ही बंदरावर बसलो, ताईला बोट लागली. मग त्यावरूनच ब्लॉग टाइप करताना 'आम्ही'चं 'मी' व्हायचं. ब्लॉगचं नावच 'एकटी' होतं, करणार काय? पहिल्यांदा हात अडखळला, पुढे अंगवळणी पडलं. फोटो ताईच काढायची, त्यामुळे फोटोत ती नसायचीच. "त्या मोबाइलमधलं बारीक अक्षर मला कुठं दिसतंय," म्हणून ती ब्लॉग वाचायच्या भानगडीत पडत नसे.

एके सकाळी गेस्ट हाउसमध्ये दोघी नाश्ता करत असताना शेजारच्या टेबलावरची बाई लगबगीनं आली.

"तुम्ही 'एकटी' ना? अहो, तुमचं वाचूनच मी घराबाहेर पडले! नवरा म्हणत होता, कुणाला तरी सोबत ने. मी त्याच्यापुढे तुमचा ब्लॉगच धरला." मग तिनं ताईकडे पाहिलं. "आणि या?"

धाकटीचा चेहरा उतरला, ती उगाच चहा ढवळू लागली. ताईनं हातातला पाव खाली ठेवला.

"आमची इथंच ओळख झाली," ती म्हणाली. "जागा नव्हती, म्हणून यांच्या टेबलावर बसले."

सख्ख्या बहिणीला ती 'यांच्या' म्हणाली. खरं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेतला.

"काकू, आमचा एक फोटो काढाल?" बाईनं मोबाइल पुढे केला.

ताईनं फोटो काढला. सवयीनं म्हणालीही, "हनुवटी जरा खाली."

खोलीवर आल्यावर धाकटी पुटपुटली, "ताई, तू असं का सांगितलंस?"

"मग काय करू? तुझं तोंड बघवेना." ताई खाटेवर बसली. "आता तो ब्लॉग वाचून दाखव. सगळं."

धाकटी वाचू लागली. आवाज खाली खाली जात होता. किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाय मुरगळल्याचं आलं, तशी ताईनं हात वर केला.

"थांब. पाय माझा मुरगळला होता ना?"

"हो."

"लंगडले मी, आणि शाबासकी तुला?" ताईला हसू फुटलं. मग ते ओसरलं. "अगं, दुखणं तरी माझं मला ठेवायचंस."

धाकटी उठली आणि जिन्यावरून धावतच खाली गेली. बाई बॅग घेऊन दारात टॅक्सीची वाट बघत होती. धाकटीनं एका दमात सांगून टाकलं: ती माझी बहीण आहे, पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, एकटी मी कधीच नव्हते.

बाई चिडली नाही. तिनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"म्हणजे खरी एकटी मीच निघालेय," ती म्हणाली. टॅक्सी आली. धाकटीनं बॅग उचलायला हात पुढे केला, पण बाईनं ती स्वतःच आत ठेवली.

धाकटी वर आली.

"सांगितलंस?" ताईनं विचारलं.

"सांगितलं."

"रागावली?"

"रागावली असती तर बरं झालं असतं," धाकटी म्हणाली आणि ताईकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली.