दुसरा डोळा

"डोळा पुसायचा? उघडलेला डोळा पुसायचा?" बाबा पोपटकाकांवर असे ओरडले की कारखान्यातले सगळे ब्रश जागच्या जागी थांबले.

हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मधोमध पाटावर एक शाडूची मूर्ती होती. अंगाचा रंग झालेला, मुकुटाला सोनेरी लागलेला, उजवा डोळा आखलेला आणि डावा कोरा. डोळ्यांची आखणी माझ्या विमलआत्याची. बारा दिवसांपूर्वी ती उजवा डोळा संपवून ब्रश पुन्हा रंगात बुडवत होती, तेवढ्यात निरोप आला. रोह्याहून कंपनीची शिफ्ट संपवून येणारा तिचा एकुलता एक प्रणित नागोठण्याला अडकला होता. अंबा नदीचं पाणी बाजारात शिरलेलं. एका म्हातारीला त्यानं खांद्यावर घालून बाहेर काढलं, तिच्या नातीला आणायला परत फिरला आणि दोघंही वाहून गेली.

दोन्ही डोळे एका बैठकीत, हा आत्याचा शिरस्ता. पंचवीस वर्षांत तो पहिल्यांदाच मोडला होता. आता सुतकात ती कारखान्यात येणार नव्हती, आणि पुढे तरी येईल की नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आमचे रंगारी पोपटकाका म्हणत होते, हा डोळा घासून टाकू, दोन्ही मीच आखतो. प्रतिष्ठापना होईपर्यंत शेवटी ही मातीच. बोलणं अगदी तर्काला धरून होतं. बाबांनी मूर्तीवर पंचा टाकला आणि विषय संपवला.

तर्कावरून आठवलं. मी तेव्हा पेणच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, तर्कशास्त्र घेतलं होतं, आणि नवी सायकल मिळालेल्या पोरासारखी त्याची घंटी गावभर वाजवत फिरत होते. खरी सायकल मला प्रणितदादानं शिकवली होती. त्यामुळे डोक्यात नुसता राग होता, आणि तो मी विधानांत बसवत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याकडे गेले. आतोबा जाऊन दहा वर्षं झालेली, त्यामुळे घरात आता ती एकटीच. बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसून थोडे वाल सोलले आणि मग राहवलंच नाही.

"आत्या, देव सगळं बघतो ना?"

"व्हय."

"आणि त्याला सगळं करता येतं?"

"येतंय की."

"आणि तो चांगला आहे. मग दादा चांगलं काम करत असताना त्यानं हात का नाही दिला? ह्या तिघांतलं एक तरी खोटं असलंच पाहिजे. नाहीतर देवच नाही."

बोलून झाल्यावर माझीच मला लाज वाटली. ज्या बाईनं पोटचा पोरगा पोचवला, तिला मी वर्गातला धडा ऐकवत होते. आत्यानं हातातला वाल पूर्ण सोलला, वाटीत टाकला.

"तुझं बरोबर हाय गो, नमे. मी पन रोज त्योच हिशेब करतंय. कुठं चूक सापडत नाय."

"मग?"

"मग तो नायच, असं म्हनलं तर मी भांडू कुनाशी?" ती पदर खोचून उठली. "चल. त्या मूर्तीचा एक डोळा उघडा टाकून आलंय मी."

आम्ही कारखान्यात शिरलो तेव्हा बाबा रंग कालवत होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि मूर्तीवरचा पंचा काढला. आत्या बसली. ब्रशाचं टोक ओठांनी सारखं केलं, श्वास धरला. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, आणि शेवटी त्यातला पांढरा ठिपका.

आता पुढचं सगळ्यांना पाठ होतं. दुसरा डोळा झाला की आत्या मान खाली घालून बाजूने उठायची. नुकत्या उघडलेल्या डोळ्यांसमोर ती कधी उभी राहत नसे. म्हणायची, आपली पायरी ओळखावी. नजर जुळते का ते बघायला दुसरं कुणीतरी समोर जायचं. बहुतेक वेळा मीच. मी पुढे झालेसुद्धा.

"तू बाजूला हो," आत्या म्हणाली.

ती स्वतः मूर्तीसमोर जाऊन उभी राहिली. मान ताठ. हात जोडलेले नव्हते. पोपटकाकांनी घाईघाईने हात जोडले, पण तिचं लक्ष नव्हतं. ती त्या डोळ्यांत बघत राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तरी पापणी लवत नव्हती. एवढी ताठ बाई आमच्या घरातली आहे, ह्याचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तसा पुन्हा कशाचाही वाटलेला नाही.

बऱ्याच वेळाने बाबांनी हळूच विचारलं, "जुळली का गो नजर?"

"जुळली, दादा," आत्या म्हणाली. "मी नाय घातली खाली."

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि पाटावर बसली.

"पुढली आन, पोपट. चतुर्थी काय माज्यासाठी थांबनार नाय."

पुढची मूर्ती मीच उचलून तिच्यासमोर ठेवली. तिने ब्रश रंगात बुडवला आणि उजव्या डोळ्याची पहिली रेघ ओढली.