हातभर उंच केलेला ट्रक

या, असे जवळ सरका. ती खुर्ची ओढून घ्या. मागे बसलात तर नीट ऐकू यायचं नाही. आमचा प्रवचनकार बंधू एस्टिल प्रवचन गाऊन सांगतो तसा गळा देवाने मला दिलेला नाही, तो त्यालाच दिलाय. पण हार्गिस कॉम्ब्जने स्मरणसभेच्या रविवारी आपल्या पांढऱ्या शर्टाची काय दशा करून घेतली, ते ऐकवल्याशिवाय आज तुम्हाला उठू देत नाही.

हार्गिसला या जगात फार थोड्या गोष्टी पसंत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा मरून गेल्या होत्या. त्याचा थोरला भाऊ आर्लिस हा त्यातला पहिला. मागे उरला आर्लिसचा हिरवा पिकअप. दोन हिवाळे तो कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभा होता, टायर बसलेले, पुढच्या सीटवर मांजरीची पिल्लं.

आमच्या स्पायसवुड खोऱ्यात कॉम्ब्जांची थडगी डोंगराच्या माथ्यावर आहेत. तिथे जाणारी वाट म्हणजे जुन्या काळी लाकडं ओढून ओढून पडलेली चाकोरी. ऑगस्टातल्या शेवटच्या रविवारी वर स्मरणसभा भरते. धडधाकट माणसं चालत जातात; म्हाताऱ्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या घेऊन आर्लिसच्या ट्रकच्या हौद्यात बसत, आणि आर्लिस त्यांना अंड्यांची टोपली न्यावी तसा अलगद वर नेई. मागच्या वर्षी ट्रक बंद होता. आर्लिसची बायको डेल्फिया, गुडघे गेलेली, खाली ओसरीवर एकटी बसून राहिली. वाऱ्याची झुळूक आली की वरच्या गाण्याची एखादी चिंधी तिच्यापर्यंत पोचायची. नवऱ्याच्या थडग्यावर दगड बसवला, तोही तिने अजून पाहिलेला नव्हता.

यंदा तिला वर जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

"मला दे ट्रक, वहिनी," हार्गिस म्हणाला होता. "महिन्यात चालू करतो."

"चालू करशील रे तू," डेल्फिया म्हणाली. "पण महिनाभर तुझं बोलणं कोण ऐकणार? डेन्व्हर करतोय."

डेन्व्हर म्हणजे तिचा जावई. गावातल्या दुकानात रंगाचे डबे विकायचा, आणि मोबाइलवर कुणीतरी दाढीवाला दाखवील ते घरी येऊन करून बघायचा. हार्गिसच्या अंगाची लाही लाही झाली. आपल्या ओसरीवरून डेल्फियाचं अंगण स्वच्छ दिसत होतं, तेव्हा त्याने खुर्ची त्या दिशेला फिरवली आणि सगळा उन्हाळा तिथेच मुक्काम ठोकला.

इंजिन अजून खोकत होतं, तर या पठ्ठ्याने आधी टपावर पांढऱ्याफेक दिव्यांची रांग बसवली.

"दिवे कशाला रे?" हार्गिस कुंपणापाशी येऊन म्हणाला. "मेलेल्यांचे दात तपासायचेत?"

"वर धुकं असतं, काका."

"सभा सकाळी दहाला असते. ऑगस्टात."

डेन्व्हर हसला. तो नेहमीच हसायचा, आणि हार्गिसला ते सगळ्यात जास्त खुपायचं. ज्याचा अपमान करायचा तोच मनावर घेईना, म्हणजे मेहनत फुकट. मग जुना सायलेन्सर गेला आणि त्या जागी चकचकीत नळकांडं आलं. ट्रक सुरू झाला की खोऱ्यातली कुत्री घराखाली शिरत. स्टिअरिंगला फर चढली. दारांवर ज्वाळा रंगवल्या; दुकानातला उरलेला नारिंगी रंग असावा.

"आर्लिस आयुष्यभर नरक चुकवत राहिला," हार्गिस म्हणाला, "आणि तू त्याच्या दारावर नरक काढलास."

मधल्या काळात डेन्व्हरने कार्बोरेटर खोलून, धुऊन, पुन्हा बसवला होता. इंजिन आता आर्लिसच्या हातात चालायचं तसं एका दमात फिरत होतं. हार्गिसच्या कानाने ते ओळखलं. तोंडाने ओळख दाखवली नाही.

जुलैत कळस झाला. डेन्व्हरने मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले, पुढेही काय काय घातलं, आणि ट्रक हातभर उंच केला. त्यावर ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. हार्गिस तंबाखूची पुडी उचलायला म्हणून कुंपणापाशी वाकला, आणि ट्रकच्या पोटाखालून पलीकडचं सगळं अंगण त्याला दिसलं. तशीच आणखी एक गोष्ट दिसली. चेसीवरून मागच्या एक्सलवर उतरणारी ब्रेकची रबरी नळी. ती जुनीच होती, जुन्या उंचीला पुरणारी. आता ती फिडलच्या तारेसारखी ताणून उभी होती. सपाट रस्त्यावर निभेल. खोल चाकोरीत चाक खाली लोंबलं, एक्सल आणखी उतरला, की तुटेल.

हार्गिस उभा राहिला. पुडी खिशात घातली. "दाढीवाल्याने हे नाही का सांगितलं?" एवढंच वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. पण मग त्याने तो दिवस डोळ्यांपुढे आणला: पेट्रोल पंपाच्या खड्ड्यात नळी तुटलीय, जमिनीवर ब्रेकचं तेल सांडलंय, भोवती सगळे हसतायत, आणि मधोमध जावईबापू. फार गोड चित्र होतं ते. त्याने ते वाक्य गिळलं आणि घरी जाऊन मक्याची पोळी आणि घेवड्याची उसळ चवीने खाल्ली.

पण पंपावर काही झालं नाही. डेन्व्हर डांबरी सोडून कुठे गेलाच नाही. टायरना चिखल लागला तर पुसायचा.

रविवार उजाडला. अंगणात म्हाताऱ्या जमल्या, खुर्च्या आल्या, झाकलेली भांडी आली, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आला. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. हौद्याचा फाळका उघडला, तर तो म्हाताऱ्यांच्या हनुवटीला लागत होता.

 मग हार्गिस हसायला लागला. कुंपण धरून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो.

"वा रे वा! ज्यांना न्यायचं त्यांना चढताच येणार नाही असा ट्रक बांधला! अरे, शिडी आणायची की दोर टाकून ओढायचं? का दिवे लावू? उजेडात चढतील!"

डेन्व्हरचं हसू पहिल्यांदा उतरलं. त्याचे कान लाल झाले. आणि हार्गिसला आतून हायसं वाटलं, ते निराळ्याच कारणासाठी. कुणी चढत नाही, म्हणजे ट्रक जात नाही, म्हणजे ते न बोललेलं वाक्य आता बोलायची गरजच नाही.

डेल्फियाने हातातली काठी आपटली. "झालं हसून? डेन्व्हर, ट्रक उलटा घे. त्या दरडीला लाव, आर्लिस डुकरीण चढवायचा तिथे."

डेन्व्हरने ट्रक दरडीला टेकवला. दरडीचा माथा आणि हौद्याची फळी अगदी एका पातळीत आली. म्हाताऱ्या मागच्या पाऊलवाटेने दरडीवर गेल्या आणि चर्चमध्ये शिराव्यात तशा एकेक करून हौद्यात शिरल्या. पहिली खुर्ची डेल्फियाची. तिने मांडीवर केकचा डबा घेतला, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि डोंगराकडे तोंड करून बसली.

हार्गिसचं हसू सुकलं. त्याला चाकोरी दिसली, वळणावरचा तो खोल ओघळ दिसला. चढावर सगळा भार मागच्या चाकांवर; तिथे नळी तुटली तर ट्रक म्हाताऱ्यांसकट मागे गडगडणार. इंजिन गुरगुरलं. ट्रक हलला.

"थांब!" तो ओरडला. त्या नळकांड्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? तो धावला आणि चाकापुढे जाऊन हात पसरून उभा राहिला. "थांबव! बंद कर ते!"

डेन्व्हरने इंजिन बंद केलं. "आता काय राहिलं, काका?"

"मागची ब्रेकची नळी तोकडी आहे. ओघळात तुटेल."

डेन्व्हर उतरला, वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता बघितलंत तुम्ही हे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण वरून डेल्फिया त्याच्याकडे बघत होती.

"जुलैत," हार्गिस म्हणाला.

 बुटाला लागलेल्या घाणीकडे आपण बघतो तसं डेल्फियाने त्याच्याकडे पाहिलं.

"सबंध उन्हाळाभर एवढी लांब जीभ चालवलीस," ती म्हणाली, "आणि कामाचं एक वाक्य तिला जड झालं?"

त्याने कोट काढला, कुंपणाच्या फाटकाच्या तुटक्या बिजागरीची पट्टी उपसली, दोन भोकांची, आणि पांढऱ्या शर्टासकट ट्रकखाली पाठीवर सरकला. "पाना दे," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "डेन्व्हर, दे बाबा." दोघांनी मिळून नळीची पकड चेसीवरून सोडवली, वरची धातूची नळी अंगठ्याने हळूहळू खाली वाकवली, आणि मध्ये ती पट्टी घालून पकड वीतभर खाली बसवली. नळीला ढील आली. ट्रकखाली दोन डोकी शेजारी शेजारी होती, एक टकलं, एक केसाळ.

"कार्बोरेटर बरा बसवलास," हार्गिस वर चेसीकडे बघत पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. बोल्ट आवळ."

चढावर हार्गिस ट्रकच्या मागोमाग चालला, नजर त्या नळीवर लावून. ओघळात चाक लोंबलं. नळी ताणली आणि धरून राहिली.

वर बंधू एस्टिलने सुरुवात केली. आधी साधं बोलणं, मग बोलण्याला हळूच सूर लागतो, मग प्रत्येक ओळीच्या शेवटी तो श्वास घेतो आणि सगळा डोंगर त्याच्याबरोबर श्वास घेतो. देवा, ते ऐकायला मिळावं म्हणून तर माणसाने जगावं! डेल्फियाने एक हात आर्लिसच्या दगडावर ठेवला होता. ती रडत नव्हती. ती सुरात सूर मिसळत होती, आणि तिच्यापर्यंत कुठल्या वाऱ्याने काही आणावं लागत नव्हतं.

शेवटी रीतीप्रमाणे सगळे गात गात एकमेकांचे हात हातात घेत फिरले. ती रीत कुणाला चुकवता येत नाही. हार्गिस डेन्व्हरपुढे आला. ट्रकखाली काळा झालेला हात पुढे केला. डेन्व्हरचाही काळाच होता.

"ते दिवे मात्र काढ," हार्गिस म्हणाला.

"नाही काढणार, काका."

हार्गिस सुधारला असं मी म्हणणार नाही. आजही खुर्ची त्याच अंगणाकडे वळलेली असते. पण त्याच्या वहिनीने त्या दिवसापासून केकचा तुकडा त्याच्याकडे पाठवला नाही, आणि त्याने तो मागितला नाही. तेव्हा एक विनंती. रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा आर्लिसचं नाव घ्याल, डेल्फियाचं घ्याल, ती मायेची माणसं आहेत. त्यांच्यामागून हार्गिसचंही घ्या. त्याला हसायचं तर हसा, पण नाव घ्या. ते तो स्वतः घेणार नाही.