जोडीचा वकील

सरकारी विधी खात्यात थोरलीची हयात गेली, आणि प्रमुख म्हणून आली कोण, तर तिची धाकटी जाऊ! घरी जी "वहिनी, वाढू का?" विचारायची, तिला ऑफिसात मॅडम म्हणायचं. थोरलीच्या पोटात दुखू लागलं आणि ते कुणापासून लपलं नाही.

त्यात धाकटीने आल्या आल्या टायपिस्ट आणले, गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं. हेच थोरली वर्षानुवर्षं मागत होती, तेव्हा वरच्यांनी तिला वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या.

मग धाकटीने नियम काढला: प्रत्येक केसला दोन वकील. एक आजारी पडला की सरकारने पुढची तारीख मागत बसायचं, हे बंद. थोरलीची केस होती सरकारी दवाखान्याच्या जागेची; एक बिल्डर ती गिळायला टपला होता. थोरलीचा जोडीदार व्हायला कुणी धजेना, म्हणून धाकटी स्वतः झाली.

"माझ्या केसमध्ये लुडबुड नको!" सुनावणीच्या आदल्या दिवशी थोरली इतकी ओरडली, की सकाळी घसा पार बसला. धाकटीला तिने नुसती कागदपत्रं दिली होती. मुद्द्यांची टिपणं कपाटात कुलूपबंद, किल्ली कमरेला.

"आता तारीख नाही. बोला," न्यायाधीश म्हणाले.

धाकटी उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळली. थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. पडू दे तोंडावर! कळू दे सगळ्यांना! मग समोरच्या बाकावर बिल्डरचा वकीलही हसताना दिसला. याच्या घशात दवाखाना जाणार, तोही आपल्या जळफळाटापायी? तिची तिलाच लाज वाटली. तिने धाकटीची बाही ओढली आणि कानाशी लागली. ती कुजबुजायची, धाकटी खणखणीत बोलायची. दवाखान्याची जागा वाचली.

"छान मांडलंत," न्यायाधीश धाकटीला म्हणाले.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द माझे आणि शाबासकी हिला!

"मुद्दे सगळे यांचे, साहेब," धाकटी म्हणाली. "माझा नुसता आवाज." घरी सासूबाईंनी पाठ थोपटली, तेव्हाही तिने तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने कपाटाची किल्ली धाकटीच्या टेबलावर आपटली.

"घ्या, मॅडम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "मेले, मला सुखाने जळूसुद्धा देत नाहीस!"