उसनं नाक

"ओल आहे रे, नुसती ओल," गाडीत डोकं घालून पेंटर म्हणाला आणि पत्रा घासायला निघून गेला.

मेकॅनिकला एवढं पुरे होतं. एसीतला वास नुसता हुंगून नेमका दोष सांगणारा माणूस, अशी गॅरेजात त्याची ख्याती. पण आठ महिन्यांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं, ते परत आलंच नाही. बायकोखेरीज हे ठाऊक होतं फक्त पेंटरला. पंचवीस वर्षांचा दोस्त. येता-जाता गाडीत डोकावून तो एक शब्द टाकायचा आणि त्या शब्दावर मेकॅनिकचा दिवस निभायचा.

त्यानं फिल्टर बदलला, थंड कॉइलवर फेस मारला, पाण्याची नळी फुंकून घेतली. गाडीवाल्या बाईंनी एसी लावला आणि रुमालानं नाक दाबत त्या बाहेर आल्या.

"अहो, आत काहीतरी मेलंय!"

मेकॅनिकनं पेंटरकडे पाहिलं. पेंटर घासलेलाच पत्रा पुन्हा घासत होता.

मालक वाटच पाहत असल्यासारखा केबिनबाहेर आला. "उंदीर कुजलाय. मला दारातून कळतंय, आणि तू ओल काढत बसलायस?" मग आवाज उतरवून म्हणाला, "तुला वास येत नाही, हे पेंटरनं मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझा विश्वास बसेना, म्हणून म्हटलं आज बघूच. उद्यापासून त्याचा जावई एसीचं बघेल. तू पंक्चर काढ."

 डॅशबोर्डखाली आडवं होऊन मेकॅनिकनं ब्लोअर उतरवला, उंदीर हातानं काढला, पंखा साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसून बसवला.

"बाई, जरा वास घेऊन सांगता का? मला येत नाही." चारचौघांत तो हे पहिल्यांदाच बोलला.

"गेला की! अगदी छान झालं."

तो नळावर हात धुवायला गेला. मागून पेंटर आला.

"पोरीच्या संसाराचा प्रश्न होता रे. जावई वर्षभर घरात बसून. तुला कसं सांगू तेच कळेना."

"ओल मात्र बरी सांगितलीस."

 पेंटरनं मेकॅनिकचा ओला हात धरून आपल्या नाकाजवळ नेला. "गेला बघ वास. खरंच गेला."

मेकॅनिकनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा साबण लावला.