खळीचे हात

सासूबाईंनी सुनेचं नाव घाईबाई ठेवलं होतं, आणि ते तिला मापात शिवल्यासारखं बसलं होतं. चहा उकळायच्या आत ती कप मांडायची, दाराची बेल वाजायच्या आत कडी काढायची.

दोघींचा पुस्तकबांधणीचा कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर पुठ्ठ्यांची चळत, कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि हाताशी पातेलंभर खळ. मैद्याची, शिजवलेली, सायीसारखी मऊ आणि पाहुण्यासारखी चिकट. एके काळी सासूबाईंची सुई कागदांतून अशी पळायची, जणू पाण्यातली मासोळी. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोरा मेणावरून ओढून द्यायचं काम त्या अजून बोटांच्या आठवणीवर करायच्या. शिवणं मात्र सुनेकडे.

"कशी आलीय शिवण?"

"छान आलीय, आई."

"छानच म्हणणार तू. मला कुठं दिसतंय!"

पण आता दिसणार होतं. गुरुवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यासाठी पुस्तकापुस्तकातून बाजूला टाकलेली पुंजी बँकेत होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, म्हणून ती सांभाळायची सुनेनं. कालच तिनं आयुष्यात पहिल्यांदा फोनवरून दवाखान्याला आगाऊ रक्कम पाठवली होती, आणि तेव्हापासून ती दर घटकेला फोन बघत होती. पैसे बरोबर गेले असतील ना?

तेवढ्यात फोन टुणकन वाजला.

"बघ गं, दवाखान्याचं असेल," सासूबाई म्हणाल्या.

पुठ्ठे चिकटवताना सुनेचे हात कोपरापर्यंत खळीत. या घरात खळीच्या हातानं कामाखेरीज कशालाही शिवायचं नाही, हा दंडक होता. पण घाईबाई कसली थांबतेय! ती वाकली आणि नाकाच्या शेंड्यानं फोन उघडला. ही तिची जुनी कला. ईमेल होता. वर बँकेचं चिन्ह, तोच रंग, तीच गोल चकती.

"मोठ्यानं वाच."

"'प्रिय ग्राहक, आपल्या खात्यातून संशयास्पद व्यवहार झाला आहे. आज सायंकाळपर्यंत खालील लिंकवर माहिती न भरल्यास खातं कायमचं बंद होईल...'"

"आई, माझ्याच हातून काहीतरी चुकलंय. काल पैसे पाठवले ना, तोच हा व्यवहार!"

"मग बघत काय बसलीस? दाब ना ते!"

"खळ आहे हाताला."

"नाकानं दाब!"

दाबलं. समोर एक पान उघडलं. खाते क्रमांक, पासवर्ड, मग फोनवर येणारा ओटीपी, सगळ्यांना रिकाम्या चौकटी.

"लिही लवकर," सासूबाई दोरा सोडून उठल्याच.

"अहो आई, नाकानं पासवर्ड कसा लिहू? एका अक्षराच्या जागी चार उमटतील!"

"तर हात धुऊन ये, पळ! गुरुवार आलाय गं तोंडावर. मला डोळे हवेत."

शेवटचं वाक्य सुनेच्या काळजात सुईसारखं गेलं. ती मोरीकडे धावली, नळ सोडला, हात खसाखसा चोळले. पण खळ म्हणजे खळ. घाई केली की बोटांच्या बेचक्यात दडून बसते आणि पुढच्या पुस्तकावर डाग होऊन उगवते. म्हणून सासूबाईंनी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच हात धुण्याचं गाणं शिकवलं होतं, पूर्ण म्हणायचं, दोनदा. आताही पाणी लागताच ओठ आपोआप हलले.

बोट बाई बोट, पाण्यात सोड,
खळीची खोड हळूच मोड.
नखांच्या कोनी, बेचक्यांच्या रानी
फिरू दे पाणी, फिरू दे पाणी...

पाणी फिरलं, तसं डोकंही फिरायला लागलं, चांगल्या अर्थानं. प्रिय ग्राहक? बँकेचे बाकीचे ईमेल तर नाव घालून येतात. आणि पासवर्ड बँकेला कशाला हवा? खातं उघडताना काउंटरवरच्या बाई बोट नाचवत म्हणाल्या होत्या, "पासवर्ड आणि ओटीपी आम्ही कधीच विचारत नाही. विचारला तर समजायचं, तो आम्ही नाही."

पुस्तक कुणाचं, डाग कुणाचा,
धुतला हात तोच गुणाचा.

दुसऱ्यांदा गाणं संपलं. ती शांतपणे बाहेर आली, पदर कमरेला खोचला आणि फोन हातात घेतला.

"भरलंस का?" सासूबाई दारातच.

"थांबा, आई."

"थांबा? तू मला थांबा म्हणतेस? घाईबाई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

सुनेनं पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून पाहिला. नावाच्या जागी बँक, पण आतल्या पत्त्यात बँकेचं नावही नाही. नुसती अक्षरं आणि आकडे, मांजरानं टंकलेखन केल्यासारखे. ईमेलखाली मदतीचा नंबर होता. तो तिनं सोडला आणि आपल्या कार्डाच्या मागं छापलेला नंबर लावला.

फोनमधलं संगीत संपेना. सासूबाई टेबलाची कड घट्ट धरून उभ्या. शेवटी एक मुलगी बोलली. तिनं चार गोष्टी विचारून खात्री केली आणि म्हणाली, "तुमचं खातं व्यवस्थित आहे. दवाखान्याचे पैसे पोचलेत. तो ईमेल आमचा नाही. लिंक उघडलीत का?"

"उघडली. नाकानं."

"...कशानं?"

"नाकानं. पण लिहिलं काहीच नाही. हाताला खळ होती."

पलीकडं जरा वेळ नुसता खोकला आला. मग तिनं ते पान बंद करायला सांगितलं, ईमेल बँकेच्या तक्रार विभागाला पाठवून मग पुसून टाकायला सांगितला, आणि खबरदारी म्हणून पासवर्डही बदलायला.

फोन ठेवला तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. "मीच तुला ढकलत होते गं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांपायी."

"तुमच्याच गाण्यानं धरून ठेवलं मला."

गुरुवार आला आणि गेला. पट्टी उतरली. सासूबाई पुढच्या खोलीत आल्या, खिडकीतला उजेड त्यांनी पाहुण्यासारखा न्याहाळला, मग एक पुस्तक उचलून पाठीवरची शिवण पाहिली. दुसरं उचललं. तिसरं.

"छान म्हणायचीस ना याला?"

"अहो आई..."

"बैल चालल्यासारखे वाकडेतिकडे टाके आहेत सगळे! उसव. मी शिवते."

सून हसत सुटली. तेवढ्यात फोन वाजला. तिनं उचलून वाचलं, "'आपलं कार्ड तात्काळ बंद होत आहे...'"

"आधी हात धुऊन ये," सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

"पण हात स्वच्छ आहेत, आई."

"तरी धुऊन ये. गाणं दोनदा."