नंदाबाईचा प्रश्न

उकंडाने कण्यांची पेज फुंकून गार केली आणि चमचा बायकोच्या, नंदाबाईच्या ओठांशी नेला. तिने तोंड फिरवलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. ढाणकीजवळच्या त्या खेड्यात ख्रिस्ती घर त्यांचं एकटंच. उकंडा मिशनचा प्रचारक. तरुणपणापासून सायकलवर गावोगाव फिरून त्याने प्रभूचं वचन सांगितलं होतं.

"मेल्यावर आपली भेट होईन ना?" तिने विचारलं.

भेट होणारच, हे कुणाच्याही मौतीला तो सांगायचा, न अडखळता. पण देवीच्या साथीत एकाच घरातली तीन लेकरं त्याने पुरली, तेव्हापासून ते शब्द नुसते तोंडातून येत होते. हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. नंदाबाईशी मात्र तो कधी खोटं बोलला नव्हता.

"मले नाही मालूम, नंदा."

"तुमी तं साऱ्याईले सांगता."

"सांगतो. पण मलेच आता भरवसा नाही राह्यला."

तिने तोंड परत त्याच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "पेज द्या." वाटीभर पेज तिने संपवली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. आठवड्याच्या आत ती गेली.

शेताच्या कडेला खड्डा खणला. यवतमाळहून चर्चचे पाळक आले होते. त्यांनी उकंडाला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्याने मान हलवून नकार दिला आणि फावडं घेऊन माती लोटू लागला. दुःखाने बोलवत नसेल, असं लोकांना वाटलं.

दिवस कलल्यावर बंजारा तांड्यावरची सुखीबाई भाकरी घेऊन आली. उकंडा दवा आणायला जायचा तेव्हा नंदाबाईजवळ तीच बसायची. त्याच्यापुढे ताट ठेवून ती उंबऱ्याशी टेकली.

"भाऊ, एक इचारू?"

"इचारा."

"तुमी गेले की बाई उठून बसे. डोये मिटून पुटपुटत राहे. घामानं भिजे, पण आडवी होत नव्हती. मी म्हटलं, अंगात जीव नाही, कायले तरास घेतं? तं म्हणे, माह्या मालकाचा इश्वास थकला हाय. आता मले दोघाईचा सांभाळा लागते."

उकंडाने तोडलेला घास परत ताटात ठेवला. घरी परतल्यावर रोज त्याने तिचं ओलं कपाळ पुसलं होतं. ताप उतरतो आहे, असं समजून.

"तिले निजू द्यायले पाह्यजे होतं," तो म्हणाला.

"म्या लय सांगितलं, भाऊ." सुखीबाईने ताट त्याच्याकडे सरकवलं. "तुमच्यात चालते काय असं? एकानं दुसऱ्यासाठी प्रार्थना केली, तं पोचते काय? मले तेवढंच लागून राह्यलं. इतकी मेहनत केली बाईनं."

"पोचते," उकंडा म्हणाला.

सुखीबाईचा चेहरा सैल झाला. ओढणी डोक्यावर घेत ती उठली, उरलेल्या भाकरी फडक्यात झाकून ठेवल्या आणि तांड्याच्या वाटेला लागली.

उकंडा दारात येऊन उभा राहिला. आपण किती सहज बोलून गेलो, हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा ती पार पऱ्हाटीच्या, कपाशीच्या शेतापलीकडे पोचली होती.