पाण्याच्या टाकीवरचा रंगीत ठिपका

अंधार पडला की आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नसे. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर उजेडमहाराज बसायचे आणि मेलेल्या माणसाचा आत्मा आकाशात दाखवायचे. रोज एकच घर वर जायचं, बाकीचे खाली माना वर करून उभे. जिना उतरणारी माणसं डोळे पुसत यायची, पण काय दिसलं ते कोणाला सांगायची नाहीत. सांगितलं तर आत्मा पुन्हा रुसतो, अशी ताकीद होती.

माझी बायको नुकतीच गेली होती. ती गेली तेव्हा मुलगी कामावर होती. ते पोरीच्या मनाला इतकं लागलं की तिचं जेवण सुटलं. एक दिवस ती मला न विचारता गच्चीवर जाऊन आली. मी घरचाच, म्हणून मला तेवढं सांगितलं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला लागून एक ठिपका होता. घडीत लाल, घडीत हिरवा, घडीत निळा. महाराज म्हणाले होते, लाल म्हणजे राग, हिरवा म्हणजे राहिलेली इच्छा, निळा म्हणजे रडणं. आई तुझ्यावर रुसली आहे. तिच्या रोजच्या हातातली वस्तू उद्या घेऊन ये. मग डोळे मिटून जप करू, आत्मा वर चढेल आणि पांढरा होईल.

वस्तू म्हणजे तिचं शिलाई मशीन. सुईखाली तिने अर्धवट सोडलेली उशीची खोळ अजून तशीच होती.

मी म्हणालो, "तुझ्या आईला राग आला की ती भांडी आपटायची आणि चहा होईपर्यंत विसरायची. आभाळात जाऊन रंग बदलत बसणारी बाई होती का ती?"

"बाबा, मी डोळ्यांनी पाहिलंय," मुलगी म्हणाली.

तिने पाहिलं होतं, हे खरंच होतं.

खालच्या मजल्यावर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई राहतात. पंधरवड्यापूर्वी त्यांचे यजमान गेले तेव्हा त्यांनीही महाराजांना यजमानांचं घड्याळ दिलं होतं. मी जाऊन सरळ विचारलं, तुमचे यजमान कुठे दिसले? त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, टाकीला लागून.

"म्हणजे माझ्या बायकोशेजारी? दोघांचं तर नळाच्या पाण्यावरून कायम वाजायचं."

बाई हसल्या आणि हसता हसता खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "दर वर्षी वर्गात शिकवते मी हे. त्या दिवशी मला ते आठवावंसंच वाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी आमची पाळी होती. मी मशीन घरीच ठेवलं आणि गल्लीतल्या गर्दीला सांगितलं, सगळे वर चला. महाराज चिडले. वस्तू नाही, जप नाही, मग ठिपका लालच राहील आणि पोरीला जन्मभर आईचा राग भोगावा लागेल, असं सगळ्यांसमोर बोलले. मुलीने माझा हात धरला.

"राहू दे लाल," मी म्हणालो. "आम्ही इथेच बसतो. डोळे उघडे ठेवून."

सगळे बसले. टाकीला लागून ठिपका लुकलुकत होता, आणि एकेक जण कुजबुजू लागला, माझा भाऊही तिथेच होता, आमची सासूही तिथेच. बाईंनी सांगितलं की हा व्याधाचा तारा, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी. खाली असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. ती हवा हलते, प्रकाशातले रंग वेगवेगळे वळतात, आणि तारा रंग बदलताना दिसतो. तापलेल्या रस्त्यापलीकडचं दुकान हलताना दिसतं, तसंच काहीसं. वर चढला की मधली हवा कमी होते आणि तो पांढरा दिसतो. महाराजांचा जप म्हणजे तेवढा वेळ काढणं, आणि मिटलेले डोळे म्हणजे तो हळूहळू चढताना कोणी पाहू नये याची सोय.

आम्ही पाहत राहिलो. तारा टाकी सोडून वर गेला. लाल गेला, हिरवा गेला. कोणी काही दिलं नव्हतं, कोणी काही म्हटलं नव्हतं, आणि तो स्वच्छ पांढरा झाला.

महाराज म्हणाले, तुमच्या सर्वांच्या श्रद्धेने चढला.

मुलगी उभी राहिली. "मग काल रुसलेली कोण होती? माझी आई, यांचे यजमान की त्यांची सासू?"

महाराज पिशवी गोळा करू लागले. बाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी घड्याळ. ते पिशवीतच होतं.

त्या रात्री मुलगी जेवली. मग मशीनवर बसून तिने ती खोळ पुरी केली. शिवण वाकडी आली. आईने पाहिली असती तर उसवायला लावली असती, असं म्हणून ती रडली, आणि मीही.

तुमच्या घरातलं कोणी गेलं असेल तर पोटभर रडा. पण गेलेल्या माणसाचा राग कोणा तिसऱ्याच्या तोंडून ऐकून घेऊ नका. तो माणूस तुम्हाला माहीत होता, त्या तिसऱ्याला नाही. कोणी म्हणेल डोळे मिटा, तिथे उघडे ठेवा. कोणी म्हणेल कोणाला सांगू नका, तर आधी शेजाऱ्याचं दार वाजवा.

ती उशी मी घेतो. शिवण गालाला टोचते. टोचू दे.